एचआयव्ही आणि प्रतिकारक पेशींचा प्रवास

एचआयव्हीबाधित रुग्णाच्या दृष्टीने ‘सीडी ४’ चाचणीचा अहवाल म्हणजे प्रकृतीचा आरसा. आकडा वाढला की दिलासा, घटला की धास्ती. ही मोजणी मात्र केवळ रक्तातील पेशींची असते. शरीरातील एकूण लसिकापेशींपैकी जेमतेम २ टक्के पेशी कोणत्याही क्षणी रक्तात असतात. उर्वरित पेशी लसिका ग्रंथी, प्लीहा, आतड्याचे अस्तर अशा ठिकाणी विखुरलेल्या असतात. त्यामुळे या आकड्याचा अर्थ लावायचा, तर पेशींचा प्रवास समजून घेणे आवश्यक ठरते.

संकेत आणि प्रवेशद्वार

प्रतिकारक पेशी रक्तातून लसिका ग्रंथीत आणि तेथून लसिकावाहिन्यांमार्गे पुन्हा रक्तात अशा अखंड फिरत असतात. नाशिकच्या द्वारका चौकात जशी मुंबई-आग्रा व पुणे मार्गांवरील वाहने एकत्र येतात, तशा लसिका ग्रंथीत निरनिराळ्या पेशी एकमेकींना भेटतात व जंतूंची वार्ता पोहोचवतात. कोठे जायचे, हे ‘केमोकाइन’ नावाची लहान प्रथिने सांगतात. पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही प्रथिने तो संकेत टिपतात.

१९९६ मध्ये एक महत्त्वाची बाब स्पष्ट झाली. पेशीत शिरण्यासाठी विषाणूला सीडी ४ हे प्रथिन पुरेसे नसते. त्याला ‘सीसीआर ५’ किंवा ‘सीएक्ससीआर ४’ यांपैकी एका ग्राहीचीही गरज असते. हे दोन्ही केमोकाइनचेच ग्राही आहेत. म्हणजेच पेशीला वाट दाखवणारी यंत्रणाच विषाणूचे प्रवेशद्वार बनते.

वाट चुकलेल्या पेशी

पेशीत शिरल्यावर विषाणूचे ‘नेफ’ हे प्रथिन तिच्या हालचालीस आधार देणाऱ्या अंतर्गत सांगाड्यात ढवळाढवळ करते. पेशी मंदावते, पण थांबत नाही. मानवी प्रतिकारक पेशी वाढवलेल्या उंदरांवरील २०१२ मधील प्रयोगात बाधित पेशी लसिका ग्रंथीत संथपणे फिरताना आढळल्या. ग्रंथीतून बाहेर पडण्याची त्यांची वाट औषधाने रोखताच विषाणूचा प्रसार मर्यादित राहिला. बाधित पेशी विषाणूचे वाहन बनतात, हे त्यातून दिसले.

आतड्याची हानी सर्वांत लवकर होते. तेथे सीसीआर ५ धारण करणाऱ्या सीडी ४ पेशी विपुल असतात. संसर्गाच्या पहिल्या काही आठवड्यांतच त्या मोठ्या प्रमाणात नष्ट होतात. अस्तर दुबळे होऊन जिवाणूंचे घटक रक्तात झिरपतात आणि प्रतिकारयंत्रणा सतत चेतलेली राहते. या दीर्घकाळच्या दाहामुळे लसिका ग्रंथीत तंतुमय ऊती वाढतात व पेशींचे वसतिस्थानच आक्रसते. काही बाधित पेशी मेंदूपर्यंतही विषाणू नेतात.

उपचारांचे पहिले आठवडे

एआरटी सुरू झाल्यावर दाह ओसरतो आणि ग्रंथींत अडकलेल्या पेशी रक्तात परततात. सुरुवातीच्या आठवड्यांत वाढलेल्या सीडी ४ आकड्यात या परतलेल्या पेशींचा वाटा मोठा असतो. नव्या पेशींची भर त्यानंतर सावकाश पडते.

याच काळात काहींना ताप येतो किंवा मानेतील गाठी सुजतात. शरीरात दबून राहिलेल्या क्षयाच्या जंतूंकडे सावरलेल्या पेशी धाव घेतात, त्याची ही प्रतिक्रिया असू शकते. गोळ्या बाधल्या, असा समज करून घेत उपचार थांबवणे येथे घातक ठरते. ही प्रतिक्रिया गंभीरही होऊ शकते. म्हणून डॉक्टरांना तातडीने दाखवणे हाच योग्य मार्ग. उपचारांपूर्वी क्षयाची तपासणी केली जाते, त्यामागेही हेच कारण आहे.

देशात मोफत एआरटीला १ एप्रिल २००४ रोजी प्रारंभ झाला. २०१७ पासून सीडी ४ चा आकडा कितीही असला, तरी निदान होताच उपचार देण्याचे धोरण आहे. नाशिक जिल्हा रुग्णालयातही एआरटी केंद्र आहे.

अहवालातील आकडा समाधानकारक झाला, तरी लसिका ग्रंथींतील काही पेशींत विषाणू सुप्तावस्थेत उरतोच. गोळ्या बंद केल्यास तो बहुतेकांमध्ये काही आठवड्यांतच पुन्हा रक्तात उसळतो. म्हणून चांगला आकडा हे औषध नियमित घेतल्याचे फळ असते. औषध सोडण्याचा परवाना नव्हे.