कारभाऱ्याचें नांव, राजाचें घराणें

इंग्लंडच्या इतिहासांत स्टुअर्ट हें नांव राजांचें म्हणून येतें. परंतु शब्दाची फोड केली तर त्यांत राजा कोठेंच सांपडत नाहीं. सांपडतो तो वाड्याचा कारभारी. जुन्या इंग्रजींत 'स्टिगवेअर्ड' असा शब्द होता. त्यांतील 'वेअर्ड' म्हणजे राखणदार. 'स्टिग' म्हणजे डुकरांचा गोठा, अशी एक व्युत्पत्ति सांगतात. ती चुरचुरीत खरी, पण कोशकारांना मान्य नाहीं. त्यांच्या मतें येथें 'स्टिग'चा अर्थ घर किंवा दिवाणखाना असाच असावा.

हें घराणें मूळचें स्कॉटलंडचेंहि नव्हे. ब्रिटनींतील डोल येथें त्याचे पूर्वज वंशपरंपरेनें कारभारीच होते. त्यांपैकीं अॅलन पहिल्या हेन्रीच्या काळीं इंग्लंडांत आला. त्याचा मुलगा वॉल्टर स्कॉटलंडच्या पहिल्या डेव्हिडचा स्ट्यूअर्ड झाला, आणि चौथ्या माल्कमनें ११५७ सालीं तें पद त्याच्या वंशाकडे कायम केलें. आपल्याकडे फडणीस, चिटणीस हीं जशीं हुद्द्यांचीं आडनांवें झालीं, तसेंच तेथें झालें.

पुढें सहाव्या कारभाऱ्यानें १३१५ सालीं रॉबर्ट ब्रूसची कन्या मार्जोरी हिच्याशीं विवाह केला. ती लवकरच वारली; मागें एक मुलगा राहिला. ब्रूसला नंतर झालेला पुत्र दुसरा डेव्हिड हा या भाच्याहून आठ वर्षांनीं लहान! मामा १३७१ सालीं निपुत्रिक वारला, आणि पंचावन्न वर्षांचा भाचा दुसरा रॉबर्ट म्हणून गादीवर बसला. राज्य मिळालें तरी नांव मात्र कारभाऱ्याचेंच राहिलें.

स्कॉट लोकांच्या तोंडीं शेवटच्या 'ड'चा 'ट' झाला होता. मूळ लेखनांतील 'डब्ल्यू' हें अक्षर मात्र फ्रेंचांना परकें. त्यांनीं त्या जागीं 'यू' घातला. राणी मेरी १५४८ ते १५६१ पर्यंत फ्रान्सांत वाढली व तेंच लेखन रूढ झालें. तिचा पति डार्नली हाहि याच कुळांतला. त्याच्या शाखेचा फ्रान्सशीं संबंध जुना होता. अर्थात् या नांवाचा प्रत्येक मनुष्य राजवंशीय मानणें भाबडेपणाचें आहे. कारभारी प्रत्येक बड्या सरदाराच्या व बिशपाच्या घरीं असे, आणि त्यांच्या वंशजांनींहि हेंच नांव लाविलें.

मेरीचा पुत्र १६०३ सालीं इंग्लंडचाहि राजा झाला. त्याचा नातू दुसरा चार्लस. पोर्तुगालच्या कॅथेरीनशीं झालेल्या विवाहाच्या १६६१ च्या तहानें मुंबई बेट याच राजाला मिळालें, व १६६८ सालीं त्यानें तें वार्षिक दहा पौंड खंडानें ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलें. घरची मिळकत राखणें हा ज्या नांवाचा अर्थ, त्या नांवाच्या राजाचा हा व्यवहार!

अॅन राणी १७१४ सालीं वारल्यावर सिंहासन हॅनोव्हरकडे गेलें. थेट वंशांतील शेवटचा पुरुष हेन्री रोमन चर्चचा कार्डिनल होऊन १८०७ सालीं इटलींत निवर्तला. स्कॉटलंडच्या 'ग्रेट स्ट्यूअर्ड'चें पद मात्र ब्रिटनच्या युवराजाच्या बिरुदांत अद्याप आहे.