पऱ्हाटीचा हिशेब

वऱ्हाडच्या कापसाचा इतिहास आजवर धाग्याचा इतिहास म्हणूनच लिहिला गेला. १८५३ साली हा प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला, १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धाने कापसाचे भाव चढले, त्याच दशकात लोहमार्ग आला आणि अमरावती, अकोला, खामगावच्या पेठा लिव्हरपूल-मँचेस्टरशी जोडल्या गेल्या. ही कथा सर्वपरिचित आहे. बोंडे वेचून झाल्यावर जे मागे उरते त्याचे काय झाले, हा प्रश्न मात्र त्या कथेत सहसा येत नाही. युरोपीय संघाने २०१५ मध्ये 'चक्रीय अर्थव्यवस्थे'चा कृती-आराखडा मांडला. वस्तूचा अवशेष टाकून न देता तो पुन्हा उत्पादनात आणावा, एवढाच त्या संज्ञेचा गाभा. तिच्या उजेडात आपल्या प्रांताचे जुने दप्तर पुन्हा चाळावे असे आम्हांस वाटले.

आम्ही भाषेची माणसे, तेव्हा प्रारंभ शब्दांपासूनच करतो. वाळलेल्या कपाशीची ती पऱ्हाटी, तुरीची ती तुराटी, ज्वारीचा कडबा, मळणीनंतर उरते ते कुटार, जमिनीत राहते ते धसकट, सरकीतून तेल निघाल्यावर उरते ती ढेप. या सर्वांना मिळून 'कचरा' म्हणण्याची गरज बोलीला पडली नाही. पऱ्हाटी चुलीत, तुराटी कुडाच्या भिंतीत, कडबा-कुटार गोठ्यात, शेण उकिरड्यावर आणि उकिरडा पुन्हा वावरात, असा तो फेरा होता.

तथापि या फेऱ्याकडे पाहून हरखून जाण्याचे कारण नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीचे जे चित्र येते ते वाचताना एक गोष्ट नजरेआड करता येत नाही : अवशेषांचे काम जन्माने वाटून दिलेले होते. मेलेले ढोर ओढून न्यावे, कातडे सोडवावे, त्या कातड्याची मोट होऊन ती पुन्हा शेतात यावी. पदार्थाच्या दृष्टीने हे वर्तुळ पुरे होते. ज्यांच्या खांद्यावरून ते फिरत होते त्यांना त्यातून बाहेर पडण्याची वाट नव्हती. मार्च १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा गावाच्या अर्थकारणातील एक न लिहिलेला करारच त्यांनी नाकारला. 'आपल्या पूर्वजांची शाश्वत जीवनशैली' अशी भाषा हल्ली परिसंवादांतून ऐकू येते. तिने हा करार एकदा वाचावा.

गाडगेबाबांचे मोठेपणही आम्हांला याच संदर्भात जाणवते. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परिटाच्या घरी जन्मलेले आणि मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाकडे वाढलेले डेबूजी १९०५ मध्ये घर सोडून निघाले ते अंगावर चिंध्या जोडलेले वस्त्र आणि हाती फुटके गाडगे घेऊन. हाती खराटा घेऊन ते गाव झाडत, तेव्हा झाडणे हे एका जातीचे काम उरत नसे. त्यांच्या नावाचे राज्याचे ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ मध्ये सुरू झाले आणि खराट्याला शासनमान्यता मिळाली. चिंध्या आणि गाडगे यांचा अर्थ मात्र चरित्रकारांनी वैराग्यापुरताच लावला. टाकून दिलेल्या वस्तूला अंगावर मानाने मिरवणे ही कृती केवळ वैराग्याची नव्हे, असे आमचे मत आहे.

आता पऱ्हाटीकडे वळू. १९२४ साली इंदूर येथे 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' स्थापन झाली. तेथे अल्बर्ट हॉवर्ड यांच्यापुढची अडचण अशी की पऱ्हाटी लाकडासारखी कठीण, ती सहजी कुजत नाही. उपाय बैलगाडीच्या संस्कृतीतूनच मिळाला. पऱ्हाट्या रस्त्यावर अंथरल्या, चाकांखाली त्या चेचल्या गेल्या, मग बैलांच्या पायांखाली पसरल्या, मूत्राने भिजल्या, आणि शेण, माती, राखेसह थरांनी खड्ड्यात गेल्या. ठरावीक अंतराने ढीग वरखाली केला की सुमारे तीन महिन्यांत खत तयार. या 'इंदूर पद्धती'वरचे पुस्तक १९३१ मध्ये निघाले. त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीने यशवंत वाड यांचे नाव आहे. जगाच्या सेंद्रिय शेतीने पहिले नाव डोक्यावर घेतले. दुसरे मराठी वाचकालाही नव्याने सांगावे लागते.

पुढे पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी, म्हणजे 'नाडेपकाकां'नी, दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच असे विटांचे जाळीदार टाके रूढ केले. त्यात काडीकचरा आणि माती अधिक, शेण अगदी थोडे. गोठे रिकामे होत चाललेल्या प्रांतात या 'थोडे'ला फार किंमत होती.

बाजाराने आपली निवड निराळ्या रीतीने केली. शंभर किलो कापसातून रुई निघते साधारण तेहेतीस-चौतीस किलो. उरलेली बहुतेक सरकी. तिचे तेल आणि ढेप होते, आणि या ढेपेचे वायदे राष्ट्रीय वायदेबाजारात अकोल्याच्या नावाने होऊ लागले. म्हणजे अवशेषाला भाव मिळत नाही असे नाही. जो अवशेष जिनाच्या आवारात आपोआप गोळा होतो त्याला तो मिळतो.

पऱ्हाटी वावरात विखुरलेली असते. २०१७ मध्ये विदर्भात गुलाबी बोंडअळीने कहर केला. तेव्हापासून पऱ्हाटी शेतात किंवा घराशेजारी रचून ठेवू नका, तिच्यात अळी दडते, असे कृषी खाते बजावते. सल्ला योग्यच आहे. पण गॅस आल्यावर चुलीची भूक कमी झाली आणि चुलीसाठी रचायची ती गंजीही नकोशी झाली. पऱ्हाटीपासून दाबलेल्या फळ्या आणि जळणाच्या कांड्या होतात, हे कापूस तंत्रज्ञानाच्या संशोधकांनी दाखवून दिले आहे. कारखान्यापर्यंत ती न्यायची कोणी, हा खरा पेच. आडमाप वस्तू, ट्रॉली भरते, वजन भरत नाही. चिमट्याने एकेक झाड उपटायचे, पेंढ्या बांधायच्या, वाहून न्यायच्या. या प्रत्येक पायरीला मजुरी लागते. हमीभाव कापसाला आहे, पऱ्हाटीला नाही, आणि आगकाडीला जवळजवळ काहीच पडत नाही.