दोन प्रोसेसर, एक सप्टेंबर : २००३ ची लढाई नेमकी कोणी जिंकली?

१/ संगणकाच्या इतिहासातील काही लढाया आकड्यांवर लढल्या गेल्या. निकाल मात्र आकड्यांनी लावला नाही. २००३ च्या सप्टेंबरात अमेरिकेत असाच एक सामना उभा राहिला. एका बाजूस एएमडीचा ‘ॲथलॉन ६४ एफएक्स-५१’, दुसऱ्या बाजूस इंटेलचा ‘पेंटियम ४ एक्स्ट्रीम एडिशन’. आजचा धागा या दोघांच्या तुलनेवर. #इतिहास #धागा

२/ आधी घराणी पाहू. दोन्ही कंपन्यांचे मूळ एकच : फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर. तेथून बाहेर पडून रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी १९६८ मध्ये इंटेल स्थापन केली. जेरी सँडर्स आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये एएमडी. आयबीएमला आपल्या पीसीसाठी एकाच पुरवठादारावर विसंबायचे नव्हते. म्हणून १९८२ च्या करारान्वये इंटेलच्या रचनेचे प्रोसेसर बनविण्याचा अधिकार एएमडीला मिळाला. पुढे या नात्याचे रूपांतर दीर्घ न्यायालयीन भांडणात झाले आणि ‘नक्कल करणारी कंपनी’ हा शिक्का एएमडीवर बसला.

३/ या कथेत पुण्याचाही एक धागा आहे. इंटेलच्या मूळ पेंटियम प्रोसेसरच्या (१९९३) विकासात अग्रभागी असलेले विनोद धाम यांचा जन्म १९५० साली पुण्याचा. इंटेल सोडल्यावर ते नेक्सजेन या छोट्या कंपनीत गेले. एएमडीने ती कंपनी विकत घेतली आणि तिच्याच रचनेतून १९९७ चा ‘के६’ प्रोसेसर घडला. एकाच अभियंत्याचा हात दोन्ही घराण्यांच्या वाटचालीला लागला, तो असा.

४/ मग सुरू झाली गिगाहर्ट्झची शर्यत. ६ मार्च २००० रोजी एएमडीने १ गिगाहर्ट्झचा ॲथलॉन जाहीर केला. अवघ्या दोन दिवसांनी इंटेलने पेंटियम ३ त्याच टप्प्यावर आणला. हा पराभव इंटेलच्या जिव्हारी लागणारा होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात आलेला पेंटियम ४ मुळातच अतिउच्च क्लॉक स्पीड गाठण्यासाठी रचलेला होता.

५/ हे कसे साधते? विहिरीपासून शेतापर्यंत माणसे ओळीने उभी करून बादल्या हातोहात पुढे द्याव्यात, तसे प्रोसेसरचे काम टप्प्याटप्प्याने पुढे सरकते. माणसे वाढवली की प्रत्येकाचे अंतर कमी होते, ताल जलद धरता येतो. पेंटियम ३ मध्ये असे सुमारे १० टप्पे होते. पेंटियम ४ मध्ये २०. पण प्रोसेसरला पुढची सूचना कोणती याचा अंदाज बांधूनच बादल्या भराव्या लागतात. अंदाज चुकला की ओळीतल्या साऱ्या बादल्या ओतून द्यायच्या. ओळ जितकी लांब, तितका तोटा मोठा.

६/ एएमडीने उलट वाट धरली. ॲथलॉन ६४ मध्ये पूर्णांकांच्या गणितासाठी १२ टप्पे होते. ठोके कमी, पण प्रत्येक ठोक्यात काम अधिक. अडचण होती ती दुकानात. ग्राहक खोक्यावरचा गिगाहर्ट्झ वाचत असे आणि तिथे एएमडी मागे दिसे. म्हणून २००१ पासून कंपनीने वेग छापण्याऐवजी आपल्या प्रोसेसरना मॉडेल क्रमांक देण्यास सुरुवात केली.

७/ खरा पेच मात्र वेगळाच होता. ३२-बिट प्रोसेसर सरळपणे ४ गिगाबाइटपर्यंतच मेमरीला पत्ते देऊ शकतो. ही भिंत ओलांडण्यासाठी इंटेलने एचपीसोबत ‘इटॅनियम’ (२००१) आणला. त्याची सूचनाभाषाच संपूर्ण नवी होती, त्यामुळे जुने प्रोग्रॅम त्यावर मंदावत. एएमडीने २००० साली वेगळा आराखडा प्रसिद्ध केला : जुनी भाषा तशीच ठेवायची आणि तिचाच ६४-बिटपर्यंत विस्तार करायचा. एप्रिल २००३ मध्ये सर्व्हरसाठी ‘ऑप्टेरॉन’ आला. पाठोपाठ घरगुती संगणकाची पाळी.

८/ २३ सप्टेंबर २००३ : एफएक्स-५१. वेग फक्त २.२ गिगाहर्ट्झ, १ मेगाबाइट एल२ कॅश, किंमत ७३३ डॉलर. त्याचे वैशिष्ट्य असे की मेमरी कंट्रोलर मदरबोर्डवरील वेगळ्या चिपमध्ये नव्हे, तर प्रोसेसरच्याच पोटात होता. त्यामुळे मेमरीपर्यंतचा हेलपाटा लक्षणीय कमी झाला. मात्र त्याला सर्व्हरमध्ये वापरली जाणारी ‘रजिस्टर्ड’ मेमरी लागे, जी महाग होती.

९/ त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी इंटेलने पेंटियम ४ एक्स्ट्रीम एडिशनची घोषणा करून टाकली. ३.२ गिगाहर्ट्झ आणि तब्बल २ मेगाबाइट एल३ कॅश. किंमत ९२५ डॉलर. बाजारात तो आला नोव्हेंबरात. ही घाई पाहून जाणकारांनी त्याचे नामकरण केले ‘इमर्जन्सी एडिशन’!

१०/ येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे दोन्ही प्रोसेसर वेशांतर केलेले सर्व्हर-प्रोसेसर होते. एफएक्स-५१ म्हणजे वस्तुतः ऑप्टेरॉन; एक्स्ट्रीम एडिशन म्हणजे मोठ्या सर्व्हरचा झिऑन एमपी. एकाने वर्षानुवर्षे आखलेली नवी रचना मैदानात आणली; दुसऱ्याने कोठारात तयार असलेले शस्त्र बाहेर काढले.

११/ चाचण्यांत काय झाले? खेळांमध्ये एफएक्स-५१ ने साध्या पेंटियम ४ वर सहसा मात केली. एक्स्ट्रीम एडिशनने आपल्या मोठ्या कॅशच्या बळावर ती दरी बरीचशी भरून काढली. व्हिडिओ एन्कोडिंगसारख्या सलग, एकसुरी कामांत इंटेल सरस ठरला, कारण तिथे अंदाज क्वचित चुकतात आणि जलद ठोक्यांचा पुरेपूर लाभ मिळतो. २.२ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ३.२ गिगाहर्ट्झशी बरोबरीने झुंजतो, हेच दृश्य बोलके होते.

१२/ खरा निकाल २००४ मध्ये लागू लागला. फेब्रुवारीत आलेल्या ‘प्रेस्कॉट’ पेंटियम ४ मध्ये टप्पे ३१ झाले आणि उष्णता आवरेना. त्याच महिन्यात इंटेलने जाहीर केले की आपल्या प्रोसेसरमध्येही ६४-बिट विस्तार येणार. आणि तो एएमडीच्या आराखड्याशी सुसंगत होता. मे महिन्यात नियोजित ‘तेहास’ रद्द झाला, तर ऑक्टोबरात ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ गुंडाळला गेला. शर्यत आखणाऱ्यानेच शर्यत सोडली.

१३/ मग एएमडी जिंकली? इतके सरळ नाही. इस्रायलमधील हैफा येथील इंटेलच्या अभियंत्यांनी लॅपटॉपसाठी ‘पेंटियम एम’ (२००३) घडविला होता : ठोके कमी, काम अधिक. त्याच परंपरेतून जुलै २००६ मध्ये ‘कोअर २ ड्युओ’ आला आणि एएमडीची आघाडी संपली. नोव्हेंबर २००८ च्या ‘कोअर आय७’मध्ये इंटेलने मेमरी कंट्रोलरही प्रोसेसरच्या पोटात घेतला.

१४/ आणि हिणवला गेलेला एक्स्ट्रीम एडिशन? त्याचीही बीजे वाया गेली नाहीत. पेंटियम ४ मधील हायपर-थ्रेडिंग कोअर आय७ मध्ये परतले. तीच कल्पना एएमडीने २०१७ च्या ‘झेन’मध्ये आपल्या पद्धतीने स्वीकारली. एप्रिल २०२२ मध्ये तर एएमडीनेच खेळांसाठी खास ‘रायझन ७ ५८००एक्स३डी’ आणला आणि त्याची ताकद होती ९६ मेगाबाइटची एल३ कॅश. एकोणीस वर्षांपूर्वी ‘घाईचा उपाय’ म्हणून हसण्यावारी नेलेली युक्ती आता दिमाखात प्रतिस्पर्ध्याच्या खोक्यावर होती.

१५/ इतिहास जय-पराजयाच्या यादीतून वाचला, तर २००३ मध्ये बरोबरी झाली असे म्हणावे लागेल. परंतु टिकले काय आणि लोपले काय, हे पाहिले तर चित्र पालटते. दोघांच्या उत्तम कल्पना आज एकाच प्रोसेसरमध्ये शेजारी नांदतात. लोपली ती केवळ गिगाहर्ट्झची मक्तेदारी. आणि इंटेलचा प्रोसेसर असलेल्या संगणकासाठीदेखील डेबियन किंवा उबुंटू उतरवून घेताना फाइलच्या नावात आजही लिहिलेले असते : ‘एएमडी६४’. पुढच्या वेळी ते नाव दिसले की क्षणभर थांबा. शिलालेख केवळ दगडावरच असतात असे नाही.