लर्नर्स डिक्शनरी कुठून आली?

इंग्लिश-इंग्लिश डिक्शनरीत एक शब्द शोधायला जावं, तर त्याच्या अर्थात आणखी दोन अवघड शब्द निघतात. मग ते शोधा... आपल्या भाषेत सांगायचं तर इन्फिनाइट लूप! 'आपलं इंग्लिशच कच्चं' म्हणत आपण डिक्शनरी मिटतो. पण मंडळी, दोष आपला नाही. ती डिक्शनरी मुळात आपल्यासाठी लिहिलेलीच नसते.

सॅम्युएल जॉन्सनची १७५५ सालची प्रसिद्ध डिक्शनरी घ्या. तिच्यात 'नेटवर्क'ची व्याख्या इतकी बोजड आहे, की साधी जाळी समजायला आधी चार लॅटिन वळणाचे शब्द यायला हवेत! ज्याची मातृभाषाच इंग्लिश, त्याचं यात काही अडत नाही. अडतं ते शिकणाऱ्याचं.

गंमत म्हणजे यावरच्या उपायाची सुरुवात लंडनमध्ये नाही, ढाक्यात झाली. मायकेल वेस्ट तिथल्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षक घडवत होते. बंगालमधली बरीच मुलं शाळा अर्ध्यात सोडतात, हे ते बघत होते. जितकं शिकलं तितकं तरी कामी यावं, म्हणून नेहमी लागणारे शब्द आधी शिकवा, असा त्यांचा आग्रह. पुढे १९३५ मध्ये त्यांनी जेम्स एन्डिकॉट यांच्याबरोबर डिक्शनरी काढली. सुमारे २४,००० शब्द आणि वाक्प्रचार, आणि ते समजावायला वापरलेले शब्द फक्त १,४९०. लूप तुटला!

पण अर्थ कळला म्हणजे वापर जमला असं थोडंच आहे? 'डिस्कस' म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत असतं, तरी मीटिंगमध्ये 'डिस्कस अबाउट' ऐकू येतंच. कारण मराठीत आपण एखाद्या गोष्टी'बद्दल' चर्चा करतो ना! तसंच 'इन्फर्मेशन्स'चं. हे दुखणं ओळखलं जपानमध्ये इंग्लिश शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी. कुठलं नाम मोजता येतं, कुठल्या क्रियापदापुढे काय येतं, हे नीट सांगणारी त्यांची डिक्शनरी १९४२ साली, ऐन महायुद्धात, टोकियोत छापली गेली. १९४८ मध्ये ऑक्सफर्डने ती पुन्हा काढली. आजची 'ऑक्सफर्ड अॅडव्हान्स्ड लर्नर्स' तिचीच वंशज. लाँगमनने १९७८ मध्ये वेस्ट यांची वाट धरली आणि सुमारे २,००० शब्दांत सगळे अर्थ बसवले.

तेव्हा कव्हरवरचं 'लर्नर्स' वाचून उगाच कमीपणा मानू नका. आपल्यासारख्यांच्या अडचणी बघूनच ती बनली आहे. बिनधास्त वापरा!