संगणकाची लय आणि जोडकार्डांची तारांबळ

टेबलावरील संगणकाची गति त्याच्या कर्त्यानें ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे नेण्याच्या उद्योगास ओव्हरक्लॉकिंग असें नांव आहे. हा उद्योग करणाऱ्यांचा एक जुना अनुभव असा कीं, प्रोसेसर नवी गति निमूटपणें सोसतो, आणि बिघाड मात्र भलत्याच ठिकाणीं होतो. आवाजाचें कार्ड खरखरूं लागतें, पडद्यावरील चित्र फाटतें, नेटवर्क कार्ड मधूनच बंद पडतें; आणि सर्वांत वाईट म्हणजे हार्ड डिस्कवर लिहिलेला मजकूर कोणताहि गाजावाजा न होतां नासतो. करणी एकाची आणि भोगणें दुसऱ्याचें, असा हा प्रकार कां होतो, याचा उलगडा संगणकाच्या इतिहासांत सांपडतो. तो इतिहास आज आपणांपुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

गाण्याच्या बैठकींत जें स्थान तबल्याच्या ठेक्याचें, तेंच संगणकांत क्वार्ट्झच्या स्फटिकाचें. हा स्फटिक ठराविक वेगानें कंप पावतो, आणि त्याच्या ठोक्यावर यंत्राचा प्रत्येक भाग आपलें पाऊल टाकतो. सेकंदास दहा लक्ष ठोके म्हणजे एक मेगाहर्ट्झ. प्रोसेसर हा मुख्य गवई. आणि आवाज, चित्र, नेटवर्क इत्यादि कामांसाठीं मदरबोर्डावरील खाचांत बसविलेलीं कार्डें हे त्याचे साथीदार. ज्या सामाईक तारांवरून या सर्वांची देवघेव चालते, त्यांना बस म्हणतात. गवयानें लय वाढविली तर साथीदारांनाहि ती गांठावी लागते काय, हाच आपल्या विषयाचा गाभा आहे.

१२ ऑगस्ट १९८१ रोजीं आयबीएम कंपनीनें आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. त्यांतील इंटेल ८०८८ या प्रोसेसरची गति ४.७७ मेगाहर्ट्झ होती. हा आंकडा विचित्र वाटतो, पण त्याचें मूळ अमेरिकेच्या रंगीत दूरचित्रवाणींत आहे. यंत्रांत १४.३१८ मेगाहर्ट्झचा स्फटिक होता. त्याच्या गतीस चारांनीं भागलें कीं रंगीत चित्रास लागणारे ३.५८ मिळत, आणि तिहींनीं भागलें कीं प्रोसेसरचे ४.७७. पांच खाचांतील कार्डेंहि याच ४.७७ च्या ठोक्यावर चालत. अशा यंत्राची गति वाढविणें म्हणजे गवयाबरोबर सगळ्या साथीदारांनाहि पळावयास लावणें होतें.

१९८४ सालीं आयबीएमचें एटी हें यंत्र ६ मेगाहर्ट्झवर आलें. त्यांतील १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक काढून तेथें १६ चा बसवितां येई, आणि मग प्रोसेसर ८ वर चाले. हौशी लोकांनीं ही युक्ति ताबडतोब उचलली. कंपनीनें पुढें बायॉसमध्यें, म्हणजे यंत्र सुरू होतांना प्रथम चालणाऱ्या आज्ञावलींत, गतीची तपासणी घालून हा मार्ग बंद केला; आणि १९८६ सालीं स्वतःच ८ मेगाहर्ट्झचें एटी विकावयास काढलें. इतरांचीं यंत्रें १० आणि १२ वर जाऊं लागलीं, तेव्हां ८ च्या हिशेबानें बनविलेलीं कांहीं कार्डें अडखळूं लागलीं. शहाणपणाचा मार्ग दिसला तो त्याच वर्षीं. कॉम्पॅक कंपनीनें डेस्कप्रो ३८६ मध्यें प्रोसेसर १६ वर नेला, आणि खाचा मात्र ८ वरच ठेविल्या. गवई आणि साथ यांची ही पहिली मोठी फारकत. पुढें जुन्या खाचांची गति ८ च्या आसपासच राहिली, आणि कार्डांना स्वस्थता लाभली.

परंतु ही स्वस्थता टिकली नाहीं. रंगीत चित्रांचा भार वाढला आणि ८ मेगाहर्ट्झची वाट अपुरी पडूं लागली. १९९२ सालीं व्हेसा या संस्थेनें लोकल बस काढली, ती थेट ४८६ प्रोसेसरच्याच तारांस जोडलेली. ३३ मेगाहर्ट्झवर ती ठीक चाले. पण १९९१ सालचा ४८६ डीएक्स-५० हा बाहेरहि ५० च्याच ठोक्यानें बोलत असल्यामुळें त्याच्याबरोबर चालतांना या कार्डांची त्रेधा उडे. इंटेलनें १९९२ सालीं डीएक्स-२ बाहेर काढला, त्यांत मोठी मौज होती. बाहेरचा ठेका ३३ चाच. आंत मात्र प्रोसेसर त्याच्या दुपटीनें, म्हणजे ६६ वर. आपले गवई ज्यास दुगुन म्हणतात, तीच ही. ठेका कायम ठेवून दुगुन-चौगुन घेणारा गवई साथीदारांस दमवीत नाहीं. ठेकाच चढविणारा दमवितो. ओव्हरक्लॉकिंगचे हे दोन मार्ग, गुणक वाढविणें आणि मूळ ठोका वाढविणें, तेव्हांपासून वेगळे ओळखावयास हवेत.

१९९२ सालींच पीसीआय ही बस अवतरली. तिची गति ३३ मेगाहर्ट्झ, म्हणजे दोन ठोक्यांमध्यें ३० नॅनोसेकंद. हे ३० नॅनोसेकंद काटेकोरपणें वांटलेले आहेत. धाडणाऱ्या कार्डास आपला संदेश तारेवर ठेवण्यास ११, तो तारेवर स्थिरावण्यास १०, घेणाऱ्यास ठोक्यापूर्वीं तो मिळावा म्हणून ७, आणि निरनिराळ्या ठिकाणीं ठोका पोहोंचण्यांतील फरकासाठीं २. बेरीज बरोबर ३०, शिल्लक शून्य.

आतां गति वाढविल्यास काय होतें तें पाहा. त्या काळच्या पुष्कळ मदरबोर्डांवर पीसीआयचा ठोका प्रोसेसरच्या बाहेरील ठोक्यास भागून काढीत असत. बाहेरचा ठोका ६६ असेल तर निम्मा, म्हणजे ३३. तोच ८३ केला कीं निम्मे ४१.५, आणि ३० नॅनोसेकंदांचे उरतात २४. सहा नॅनोसेकंद कोणाच्या तरी वांट्यांतून जावयाचेच. एखादें कार्ड मुळांतच चपळ असतें, तें निभावून नेतें; दुसरें तितकें चपळ नसतें, तें चुकतें. म्हणूनच एकाच यंत्रांत एक कार्ड सुरळीत चाले आणि शेजारचें कोलमडे. यंत्र तापलें कीं सिलिकॉनचें काम मंदावतें, म्हणून सकाळीं चाललेलें कार्ड दुपारीं बिघडे. बसवर कार्डांची दाटी झाली कीं तारेवरचा संदेश स्थिरावण्यास अधिक वेळ लागे. हार्ड डिस्कचा कारभार पाहणारा भागहि याच ठोक्यावर चाले. अल्ट्रा डीएमए ही पद्धत येण्यापूर्वीं डिस्क आणि यंत्र यांमधील तारेवर मजकूर तपासून घेण्याची सोय नव्हती. एखादा अंक वाटेंत बदलला तर तो तसाच डिस्कवर लिहिला जाई. बिघडलेलें चित्र डोळ्यांस दिसतें. बिघडलेला हिशेब कित्येक महिन्यांनीं उघडावा तेव्हां कळतो.

१९९८ सालीं या गणिताची एक नामांकित परीक्षा झाली. इंटेलचा सेलेरॉन ३०० ए हा प्रोसेसर ६६ च्या ठोक्यावर साडेचारपट, म्हणजे ३०० वर चालावा असा होता. लोकांनीं त्यास ४४० बीएक्स चिपसेटच्या मदरबोर्डावर १०० चा ठोका दिला, आणि तो पुष्कळदां ४५० वर बिनतक्रार चालला. ही वाढ निम्म्यानें अधिक. तरी कार्डें शांत राहिलीं. ६६ चे ८३ करणें ही वाढ जेमतेम पाव पट. आणि तिनें मात्र कार्डें हैराण होत. कारण १०० वर भाजक तीन होता आणि पीसीआयला ३३ च मिळत. तोच चिपसेट १३३ वर नेला, तर चार हा भाजक असलेल्या मदरबोर्डावर पीसीआय सुरक्षित राही. पण चित्राच्या एजीपी खाचेस ६६ ऐवजीं ८९ सोसावे लागत, कारण तिला दोन-तृतीयांशाहून लहान भाजक नव्हता. धोका वाढीच्या टक्क्यांत नसून भागाकाराच्या उत्तरांत होता.

२००२ सालीं एन्व्हिडियाच्या एनफोर्स-२ नें आणि २००३ सालीं इंटेलच्या ८६५ व ८७५ या चिपसेटांनीं खाचांचा ठोका प्रोसेसरच्या ठोक्यापासून वेगळा बांधून टाकण्याची सोय दिली. २००४ पासून टेबलावरील संगणकांत पीसीआय एक्सप्रेस आली, तिला स्वतःचा १०० मेगाहर्ट्झचा ठोका लागतो. परंतु इतिहास कधीं कधीं मागें वळतो. २०११ सालच्या सँडी ब्रिज प्रोसेसरांत इंटेलनें पुन्हां सर्वांचा ठोका एका उगमास जोडला. मूळ १०० फार थोड्या टक्क्यांनीं वाढवितांच इतर भाग डगमगूं लागत. ज्यांचा गुणक मोकळा ठेविला होता, त्या प्रोसेसरांनाच खरी मोकळीक राहिली. २०१५ सालच्या स्कायलेकनें ही गांठ पुन्हां सोडविली.

एवढा इतिहास ध्यानांत घेतला कीं दोष शोधण्याची रीत आपोआप सुचते. प्रथम जपून ठेवावयाच्या मजकुराची प्रत दुसरीकडे काढावी. ती काढीपर्यंत यंत्र मूळ गतीवरच चालवावें. मूळ गतीवरहि बिघाड राहिला तर ओव्हरक्लॉकिंग निर्दोष; कार्ड, खांच, वीजपुरवठा किंवा ड्रायव्हर तपासावा. न राहिला तर दोन प्रयोग करावे. पहिल्यांत मूळ ठोका कायम ठेवून केवळ गुणक वाढवावा. दुसऱ्यांत गुणक उतरवून प्रोसेसर नेहमींच्याच गतीवर ठेवावा, आणि मूळ ठोका तेवढा चढवावा. बिघाड दुसऱ्यांतच दिसला, तर प्रोसेसरला अधिक व्होल्टेज देऊन कांहींएक उपयोग नाहीं. खाचेच्या वांट्यास किती मेगाहर्ट्झ येतात तें काढावें आणि तो ठोका पूर्ववत् करावा. एका वेळीं एकच बदल करावा, नाहींतर कशानें गुण आला तें कळत नाहीं.

पीसीआय एक्सप्रेसमध्यें एक नवा चकवा आहे. येथें चुकलेला संदेश ओळखून पुन्हां धाडला जातो, त्यामुळें यंत्र बंद न पडतां नुसतें मंद होतें, आणि गति वाढवून काम कमी झाल्यासारखें दिसतें. अशा वेळीं खाचेस एक पिढी जुन्या गतीवर बसवून पाहावें. तेवढ्यानें चुका थांबल्या, तर कार्ड आणि मदरबोर्ड यांमधील जोडणी किंवा जोडतार संशयास पात्र ठरते.

प्रोसेसरची परीक्षा घेणारे कार्यक्रम रात्रभर बिनचूक चालले म्हणून यंत्र स्थिर झालें, अशी समजूत पुष्कळांची असते. ते कार्यक्रम गवयाची परीक्षा घेतात. साथीदारांची घेत नाहींत. म्हणून गति वाढविल्यावर मोठमोठ्या फायली डिस्कवरून नेटवर्कवर आणि परत आणाव्या, त्यांच्या प्रती मूळ मजकुराशीं ताडून पाहाव्या, आणि त्या तंतोतंत जुळल्या तरच नव्या गतीवर विश्वास ठेवावा. वाढलेल्या गतीनें वांचतात ते कांहीं क्षण. नासलेल्या मजकुरांत जातात तीं वर्षें.