वशिंड

माझी नात ऑस्ट्रेलियात एका स्टेशनवर राहते असं मी सांगितलं, तेव्हा दापोडीच्या वन्संना वाटलं पोरगी प्लॅटफॉर्मवर झोपते की काय! मंडळी, तिकडे गुरांच्या अफाट मोठ्या वाडीला 'स्टेशन' म्हणतात. दक्षिण ऑस्ट्रेलियात ॲना क्रीक नावाचं सगळ्यात मोठं स्टेशन आहे, ते जवळजवळ आपल्या पुणे जिल्ह्याएवढं. नातीचं त्या मानानं लहान आहे, तरी फाटकापासून घरापर्यंत जायला गाडीनं अर्धा तास लागतो म्हणे.

भारतातल्या तरुण मुलांना फिरता फिरता काम करता यावं असा एक व्हिसा ऑस्ट्रेलियानं 2024 पासून सुरू केला. वर्षाला 1000 जणांनाच, तोही सोडत काढून. आमच्या कन्येचं (म्हणजे नातीचं) नाव त्यात निघालं आणि चांगली संगणकातली नोकरी सोडून ती एकटीच निघाली. क्वीन्सलँडमध्ये, रॉकहॅम्प्टन शहराच्या आत कुठेतरी. मोटारसायकलवर बसून गुरं हाकायची, कुंपणाच्या तारा ताणायच्या, वासरांच्या कानात बिल्ले मारायचे. अशा मुलींना तिथे 'जिलरू' म्हणतात. दूरच्या कळपासाठी हेलिकॉप्टर येतं. ज्या मुलीला इथे पिंपळे गुरवात गल्लीतल्या म्हशीची भीती वाटायची ती ही!

तर परवा तिनं फोटो पाठवला. मागे लाल माती, पुढे एक करडा बैल. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. पाठीवर हे एवढं वशिंड, गळ्याखाली लोंबणारी पोळी, लांब कान. मी तिला लगेच लिहिलं, "अगं, हा तर आपल्याकडचा आहे!" ती म्हणाली, "आजी, हे ब्राह्मन कॅटल आहेत, अमेरिकेतून आलेत." मी म्हटलं, अमेरिकेत कुठून आले ते विचार.

इतिहास शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली, त्यामुळे आता थोडा तास घेते. सहन करा.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानिकांच्या पुढाकारानं कृष्णेच्या खोऱ्यात एक जात तयार झाली. आमच्याकडची काळी जमीन पावसात अशी चिकटते की नांगर जागचा हलत नाही. तिथे खिलार चपळ खरा, पण वजनाला कमी पडायचा. म्हणून काठेवाडचा गीर, गुजरातचा कांकरेज, आंध्रचा ओंगोल आणि इथली स्थानिक गुरं यांचा संकर केला. त्यातून निघाला तो कृष्णाकाठचा बैल. थोराड, संथ आणि दमदार. पळायला लावलं तर आपलाच मान जाईल, पण चिखलात जुंपला की दोघांचं काम एकटा करेल.

साधारण त्याच काळात टेक्सासचे पशुपालक गोचिडांनी आणि उन्हानं हैराण झाले होते. त्यांची युरोपी गुरं तापानं मरत. 1906 साली बॉर्डन नावाचे एक गृहस्थ हिंदुस्थानात आले आणि 51 जनावरं घेऊन गेले. न्यूयॉर्कजवळच्या एका बेटावर ती रोगाच्या भीतीनं अडकवून ठेवली, काही मारावी लागली, 33 टेक्सासला पोचली. ही आणि पुढेमागे गेलेली इतर, म्हणजे गीर, गुजरातकडची, ओंगोल आणि आपली कृष्णाकाठची, एकत्र करून अमेरिकनांनी जात बनवली आणि तिला नाव दिलं ब्राह्मन! (या नावावर आमच्या घरी दोन दिवस हसणं चाललं होतं.) म्हणजे पहा, रक्त जवळपास तेच. आमच्या राजांनी ते जोखडासाठी एकत्र केलं, टेक्सासवाल्यांनी खाटकासाठी.

ऑस्ट्रेलियात गोचीड शिरलं 1872 साली, डार्विन बंदरात बटाव्हियाहून आलेल्या गुरांबरोबर. पुढे क्वीन्सलँडच्या कळपांची दैना उडाली. 1933 मध्ये तिथल्या सरकारी संशोधकांनी आणि काही पशुपालकांनी मिळून अमेरिकेतून ब्राह्मन गुरं आणली. सुरुवातीला लोक त्या वशिंडाला नाकं मुरडत. आज उत्तर ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक गुरांत आपल्याकडचं रक्त आहे आणि रॉकहॅम्प्टनमध्ये रस्त्यावर बैलांचे पुतळे उभे आहेत. आणि आमच्या कृष्णाकाठी? ट्रॅक्टर आले, संकरित दुभत्या गायी आल्या, तो बैल आता शोधूनच पाहावा लागतो.

हे सगळं लिहून पाठवलं तर नातीचा उलट फोन. तिच्याकडे तेव्हा रात्र झालेली. आवाज नेहमीसारखा नव्हता. म्हणाली, "आजी, उद्या ट्रक येणार आहे. ज्यांना मी पंधरा दिवस हाकलं ते जाणार. मी ट्रकमध्ये चढवायला मदत करायची का नाही?"

सूनबाईंनी मला आधीच बजावलं होतं की ही गोष्ट नातेवाइकांत नको. पण मी आता पंचाहत्तरीला आले, झाकून काय ठेवायचं? मी तिला उपदेश केला नाही. आप्पांची गोष्ट सांगितली.

1972 चा दुष्काळ. मी सांगलीला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. गावी गव्हाणीत कडब्याचं काड नव्हतं. आमच्याकडे कृष्णाकाठची शेवटची जोडी होती, राजा आणि सर्जा. दोघंही म्हातारे झालेले. आप्पा पहाटे त्यांना घेऊन मिरजेच्या बाजाराला गेले. रुमालाखाली दलालानं बोटं धरली, सौदा झाला. संध्याकाळी आप्पा दोन कासरे खांद्यावर टाकून परत आले. आईला म्हणाले, "कर्नाटकातल्या एका शेतकऱ्यानं नेली, चारा आहे त्याच्याकडे." दुष्काळात म्हातारे बैल कोणता शेतकरी घेतो? आईनं विचारलं नाही. मीही नाही. त्या पैशातून माझी परीक्षेची फी भरली गेली. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. दादा, तू वाचशील तेव्हा तुला हे माहीत होतं का ते मला कळव.

नात बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "इथे निदान कुणी खोटं सांगत नाही. ट्रक कुठे जातो ते सगळ्यांना माहीत असतं." मला तिचं म्हणणं थोडं लागलं, पण खोडता आलं नाही. आप्पांचं खोटं मला अजूनही तिच्या खऱ्यापेक्षा जवळचं वाटतं, हेही तितकंच खरं.

दुसऱ्या दिवशी तिनं मदत केली. संध्याकाळी डाळभात लावला आणि जेवली नाही, असं तिनंच कळवलं. अजून दोन महिने राहणार आहे. काल विचारत होती, राजाचं वशिंड डावीकडे कललेलं होतं की उजवीकडे. तिच्या कळपात एक तसाच आहे म्हणे.

उजवीकडे, असं मी सांगितलं.