कॅटरिनाच्या आधी आलेली ‘पॅम’

जुलै २००४मध्ये अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सवर ‘पॅम’ नावाचं चक्रीवादळ येऊन गेलं. पावसाचा थेंबही पडला नाही, कारण हे वादळ फक्त कागदावर होतं. बॅटन रूजमध्ये केंद्र, राज्य आणि स्थानिक पातळीवरचे अधिकारी आठवडाभर बसून आपत्तीचा सराव करत होते. शहराचा बराच भाग समुद्रसपाटीखाली. तटबंधांवरून पाणी आत आलं तर? उत्तर आलं ते असं: काही भागांत २० फुटांपर्यंत पाणी, ६० हजारांहून अधिक मृत्यू, आणि स्वतःची गाडी नसल्याने अडकलेले सुमारे एक लाख लोक.

म्हणजे टेस्टिंगमध्ये बग सापडला होता. तो दुरुस्त करण्यासाठीच्या पुढच्या बैठकांपैकी काही मात्र प्रवासखर्चाला पैसे नाहीत म्हणून लांबल्या.

तेरा महिन्यांनी, २९ ऑगस्ट २००५ला, कॅटरिना आली. सरकारने काहीच केलं नाही असं म्हणणं चूक ठरेल. हवामान खात्याचे इशारे अचूक होते. महामार्गांच्या सगळ्या लेन बाहेर जाण्यासाठी खुल्या केल्या आणि दहा लाखांहून अधिक लोक त्या भागातून निघून गेले. पण ही योजना गाडीवाल्यांसाठी होती. शहर सक्तीने रिकामं करण्याचा आदेश वादळाच्या जेमतेम एक दिवस आधी निघाला. गरीब, म्हातारे, आजारी मागे राहिले. शहराच्या स्कूल बस रांगेत उभ्या राहून पाण्यात बुडाल्या.

कालव्यांच्या भिंती फुटल्या आणि सुमारे ८० टक्के शहर पाण्याखाली गेलं. तटरक्षक दलाने ३३ हजारांहून अधिक जणांना वाचवलं. दुसरीकडे, कन्व्हेन्शन सेंटरमध्ये हजारो लोक अन्नपाण्यावाचून बसले होते आणि केंद्रीय आपत्ती यंत्रणेच्या, म्हणजे फेमाच्या, प्रमुखांनी १ सप्टेंबरला सांगितलं, की हे आजच कळलं. टीव्हीवर सगळं जग ते पाहत होतं. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष बुश म्हणाले, की तटबंध फुटतील असं कुणाला वाटलं नव्हतं.

भिंतींच्या रचनेतच दोष होता हे लष्करी अभियंत्यांनी पुढच्या वर्षी कबूल केलं. पण गाडी नसलेल्या लाखभर लोकांचा आकडा तर आधीच कागदावर होता.

२००८मध्ये गुस्ताव वादळ आलं, तेव्हा न्यू ऑर्लिन्सने अशा हजारो लोकांना बस आणि रेल्वेने आधीच बाहेर काढलं. त्यासाठी कुठलंही नवं तंत्रज्ञान लागलं नव्हतं. बस २००५मध्येही होत्या.